पार्सल विट्यात, तक्रार कुठे?

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी विट्याला मावशीच्या दारात एक मोठे खोके उतरले. आत घरघंटी होती. मावशीने ती मागवली नव्हती, मागवली होती तिच्या मुलाने, आणि तीही कोइम्बतूरहून. तो तिकडे गलाईच्या धंद्यात आहे. खानापूर-आटपाडीच्या भागातल्या कितीतरी घरांचे असेच आहे. सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी इथली माणसे देशभरातल्या सराफ पेठांत पसरली आहेत आणि म्हातारे आईबाप गावी आहेत. पूर्वी या घरांत मनीऑर्डर यायची, आता पार्सले येतात.

घरघंटी दोन दिवस छान चालली. तिसऱ्या दिवशी चकलीची भाजणी दळताना मोटरमधून जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. मावशीचा फोन आला, "आरं, दिवाळी तोंडावर आली आन् ही बंद पडली बघ. कुणाला सांगायचं आता?"

हा लेख मावशीच्या त्या प्रश्नातून निघाला आहे. 'कुणाला सांगायचं' याचे उत्तर पूर्वी विचारावे लागत नव्हते. विट्याच्या पेठेतल्या दुकानातून वस्तू घेतली असती, तर मावशी दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना त्या दुकानासमोर थांबली असती. दुकानदाराला तिच्या नवऱ्याचे नाव, तिची गल्ली, तिच्या घरची पुढची खरेदी हे सगळे ठाऊक असते. चारचौघांत आवाज चढू नये म्हणूनच त्याने पोरगा पाठवून मोटर बघायला लावली असती. गावच्या बाजारपेठेत तक्रार निवारणाची लेखी व्यवस्था कधीच नव्हती, पण ओळख होती आणि ती ओळखच जामीन राहायची. ऑनलाइन खरेदीत किंमत कमी झाली, निवड वाढली, माल दारात आला. जामीन राहणारा तो चेहरा मात्र गेला. त्याची जागा कशाने भरायची, हा प्रश्न मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी दिसतो.

लांबून माल मागवण्याची सवय आपल्याला नवी नाही. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने मागवा' ही ओळ हमखास सापडते. टपाल खात्याने ही व्हॅल्यू पेएबल पद्धत 1877 मध्ये सुरू केली. पोस्टमन पुडके घेऊन दारात येई, आधी पैसे मोजून घेई आणि मग पुडके हाती देई. आजची कॅश ऑन डिलिव्हरी ती हीच. अडचणही तीच होती: पैसे आधी, उघडून बघणे नंतर. पुडक्यातून भलतेच काही निघाले तर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या पत्त्यावर पोस्टकार्डे धाडत बसायचे.

पार्सल नेमके दारात पोहोचते तेही एका मराठी माणसाच्या कामामुळे. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिन क्रमांक सुरू झाले. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. साताऱ्याचा पिन 415001 आणि सांगलीचा 416416. विटा सांगली जिल्ह्यात असले तरी त्याचा पिन मात्र साताऱ्यासारखा 415 ने सुरू होतो, 415311. या दोन जिल्ह्यांचा संबंध तसा घरातलाच. 1949 मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

पुढची वाढ आपल्या डोळ्यांदेखत झाली. 2007 मध्ये बेंगळुरूत फ्लिपकार्टने पुस्तके विकायला सुरुवात केली. कार्ड नसलेल्या गिऱ्हाइकासाठी 2010 मध्ये त्यांनी घरपोच मालावर रोख पैसे घेणे सुरू केले. 2013 मध्ये अॅमेझॉनचे भारतातले दुकान उघडले. 2016 मध्ये एकीकडून यूपीआय आणि दुसरीकडून स्वस्त 4जी आले, आणि जत असो की दहिवडी, मोठ्या शहरातल्या गिऱ्हाइकाला दिसते तेच दुकान तिथल्याही हातातल्या फोनवर दिसू लागले. माल पोहोचायला अंतर उरले नाही. तक्रार करायला मात्र ते बरीच वर्षे तसेच होते.

ग्राहकाची बाजू घेणारा कायदा या देशात उशिरा आला. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची घरे एकत्र येऊन थेट उत्पादकाकडून माल घ्यायची, हे तिचे मूळचे काम. अशा चळवळींनी जमीन तयार केली आणि 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. दिवाणी कोर्टाची पायरी चढायला घाबरणारा माणूसही तिथे स्वतः उभा राहून बोलू शकत होता.

पण 1986 च्या कायद्याची बांधणी समोरासमोरच्या बाजारासाठी होती. सर्वसाधारणपणे विरुद्ध पक्षाचे ठाणे किंवा शाखा जिथे असेल, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथल्या मंचाकडे जावे लागे. वस्तू विट्याच्या दुकानातली असेल तर हे सोयीचे होते. विक्रेता सुरतचा, अॅप बेंगळुरूचे, कारखाना हरियाणातला आणि माल विट्यात, असे झाले की 'कारण कुठे घडले' यावरच आधी वाद सुरू होई. चार-पाच हजारांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

न्यायाचे अंतर म्हणजे काय ते सातारा-सांगलीकरांना वेगळे समजावून सांगायला नको. उच्च न्यायालयात जायचे म्हणजे रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची, हे इथल्या पक्षकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले. वकिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांना ते न्यायालय जवळ आले. ग्राहकाच्या बाबतीत असाच बदल पाच वर्षे आधी होऊन गेला होता, फक्त त्याची चर्चा झाली नाही.

2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 34 मध्ये एक छोटीशी भर आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करून कमावतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडेही, तक्रार करता येते. माझ्या मते गावाकडच्या ऑनलाइन गिऱ्हाइकासाठी संपूर्ण कायद्यातली सर्वांत मोलाची ओळ हीच. कंपनी कुठलीही असो, विट्याच्या माणसाची तक्रार सांगलीत चालेल आणि वडूजच्या माणसाची साताऱ्यात.

मावशीच्या घरघंटीपुढे आणखी एक पेच होता. पैसे मुलाने भरले, बिल त्याच्या नावाचे, वस्तू आईकडे. मग ग्राहक कोण? कायद्याने याचा विचार केला आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. म्हणजे मुलाला कोइम्बतूरमध्ये तक्रार करता आली असती, आणि आईलाही सांगलीत करता आली असती. परगावी कमावणारी पोरे आणि गावी राहणारे आईबाप अशी ज्या भागाची रचना आहे, तिथे ही तरतूद घरोघरी माहीत असायला हवी.

फरक पडतो तो वस्तू पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या व्यापारासाठी घेतली असेल तर. तसा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते. तासगावात घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईने ऑनलाइन शिवणयंत्र मागवले असेल, तर ती ग्राहक आहे.

आता घरघंटीकडे येतो. चौथ्या दिवशी मावशीने खोक्यावरच्या नंबरावर फोन केला. तो नंबर घरघंटी बनवणाऱ्या कंपनीचा होता. "माणूस पाठवतो," म्हणाले. माणूस नवव्या दिवशी आला, यंत्र उघडून बघितले, कागदावर 'मोटर जळाली' असे लिहून दिले आणि गेला. तोवर अॅपवरची सात दिवसांची परत करण्याची मुदत संपली होती. अॅप म्हणे, कंपनीशी बोला. कंपनी म्हणे, मोटर आमच्याकडे नाही, महिना लागेल, नाहीतर विक्रेत्याशी बोला. विक्रेता गुजरातमधला, त्याचा फोन लागेना. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि मावशी डबा घेऊन पुन्हा कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊ लागली.

'आम्ही विकत नाही, आम्ही फक्त बाजार भरवतो,' हे ऑनलाइन मंचांचे नेहमीचे उत्तर असते. कायद्याच्या भाषेत याला थोडा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मध्यस्थांना काही संरक्षण दिले आहे. पण सांगलीच्या माणसाने हे उत्तर आपल्या हळदीच्या बाजाराशी ताडून बघावे. मार्केट यार्डातला अडत्या हळद पिकवत नाही, स्वतःसाठी विकतही घेत नाही. सौदा लावून देतो आणि अडत घेतो. म्हणून शेतकऱ्याचे पैसे बुडाले की तो 'मी फक्त मधला' म्हणून मोकळा होत नाही. अडत घेतली की जबाबदारी आली, हे बाजार समितीत कुणाला शिकवावे लागत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये जवळपास हाच विचार मांडला. प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाल्यानंतरही ते नसलेले कुकर अॅमेझॉनवर विकले गेले होते. अशा 2,265 कुकरच्या ग्राहकांना कळवा, माल परत घ्या, पैसे द्या आणि 1 लाख रुपये दंड भरा, असा आदेश निघाला. प्रत्येक विक्रीवर शुल्क कमावल्यावर त्या मालाशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही, हा त्यातला मुद्दा. फ्लिपकार्टवरही त्याच महिन्यात तशाच कुकरसाठी कारवाई झाली. कुकरचा दोष म्हणजे स्वयंपाकघरात फुटणारा दोष, हे लक्षात घेतले की या आदेशाचे वजन कळते.

ई-कॉमर्ससाठी वेगळे नियम 23 जुलै 2020 रोजी आले. ते वाचायला रूक्ष आहेत, पण त्यांतल्या तीन-चार गोष्टी गिऱ्हाइकाच्या फार कामाच्या आहेत. प्रत्येक मंचाने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या पानावर दाखवला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तक्रारीला क्रमांक दिला पाहिजे, म्हणजे ती कुठवर आली ते बघता येईल. माल सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला असेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये. विक्रेता कोण, त्याचा पत्ता काय, माल कुठल्या देशात बनला, हेही गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. अॅपवरची सात किंवा दहा दिवसांची मुदत ही त्या कंपनीने घातलेली मुदत आहे. ती संपली म्हणून सदोष मालाबद्दलचा हक्क संपत नाही. ग्राहक आयोगाकडे जायला कायद्याने कारण घडल्यापासून 2 वर्षे दिली आहेत. 'मुदत संपली' ही लाल अक्षरातली ओळ वाचून कितीतरी लोक तिथेच थांबतात, आणि माझी सगळ्यात मोठी हळहळ हीच आहे.

'मला मान्य आहे' या चौकोनाचेही तसेच. त्यामागच्या लांबलचक अटींत पुष्कळदा लिहिलेले असते की वाद झाला तर अमुक शहरात लवादापुढे जावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केले, की लवादाची अट असली तरी ग्राहकाचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही. ते प्रकरण घराच्या व्यवहाराचे होते, पण तत्त्व घरघंटीलाही लागू पडते.

मी मावशीकडे गेलो आणि आम्ही कागद गोळा करायला बसलो. फोनवरच्या बोलण्याची काहीच नोंद नव्हती. पण चौथ्या दिवशी कंपनीकडून आलेला एसएमएस मावशीच्या फोनमध्ये होता, तक्रार क्रमांक आणि तारखेसह. तो निरर्थक समजून तिने पुसला नव्हता, एवढे बरे झाले. सात दिवसांच्या आत तक्रार केली होती, याचा तोच पुरावा. दुसरा, दुरुस्तीवाल्याने दिलेला 'मोटर जळाली' हा कागद. मुलाने कोइम्बतूरहून बिल पाठवले. अॅपवरच्या संवादाचे आम्ही फोटो काढून ठेवले, कारण ती खिडकी बंद केली की पुष्कळदा मागचे बोलणे सापडत नाही. मग मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल लिहिला. त्यात रागाचा एक शब्दही नव्हता, फक्त तारखा, घडले ते, जोडलेले कागद आणि मागणी. पोच आली. पण दहा दिवसांनी उत्तर आले ते पुन्हा तेच, मुदत संपली.

त्यानंतर 1915. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक. तिथे 17 भाषांत बोलता येते आणि त्यात मराठी आहे. फोन करता येतो, 8800001915 वर व्हॉट्सअॅप करता येते, उमंग अॅपवरूनही तक्रार नोंदवता येते. मावशी स्वतः बोलली, मराठीत, आणि 'घरघंटी' हा शब्द पलीकडच्या मुलीला लगेच कळला याचाच तिला आनंद झाला.

ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे. ती कुणाला हुकूम देऊ शकत नाही, हे आधीच माहीत असावे. मग तिचा उपयोग कसा होतो? शेकडो कंपन्या तिच्याशी भागीदार म्हणून जोडलेल्या आहेत. आपली तक्रार थेट त्या कंपनीच्या ठरलेल्या टेबलावर जाते आणि कंपनीला त्याच व्यवस्थेत उत्तर नोंदवावे लागते. कॉल सेंटरमधल्या पाठांतराच्या उत्तरापलीकडे, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत कागद पोहोचतो. हेल्पलाइनकडे येणाऱ्या तक्रारींत ई-कॉमर्सचा वाटा गेली काही वर्षे सगळ्यात मोठा आहे. मावशीच्या तक्रारीचे उत्तर अठराव्या दिवशी आले. घरघंटी उचलून नेली आणि पैसे कोइम्बतूरच्या खात्यात जमा झाले.

जगात हा प्रयोग कसा सुरू झाला ते इथे सांगण्यासारखे आहे. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर 1999 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ईथन कॅट्श यांच्या गटाने ऑनलाइन मध्यस्थी करून बघितली. एकमेकांना कधीही न भेटलेले खरेदीदार आणि विक्रेते, आणि दोघांशी मेलवर बोलणारा एक मध्यस्थ. दोन आठवड्यांत सुमारे 200 वाद आले. त्यातून पुढे लाखो वाद संगणकाच्या आधाराने मिटवणारी व्यवस्था उभी राहिली. याउलट युरोपीय संघाने 2016 मध्ये सर्व सदस्य देशांसाठी सरकारी ऑनलाइन मंच उघडला आणि 20 जुलै 2025 रोजी तो बंद केला. तिथे लोक येत होते, पण विक्रेते उत्तरच देत नसत आणि फार थोड्या तक्रारी निवाड्यापर्यंत पोहोचत. दोन्हींतला फरक मला असा दिसतो: ईबेवर पैसे आणि विक्रेत्याची पत, दोन्ही दुकानाच्याच हातात होती, युरोपच्या मंचाकडे निरोप पोचवण्यापलीकडे काही नव्हते. आपली 1915 ही या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. तिच्यामागे आयोगाचा धाक उभा आहे, म्हणून तिचे ऐकले जाते.

पैसे आले नसते तर सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जायचे आम्ही ठरवले होते. त्यासाठी सांगलीला जायचीही गरज नव्हती. सप्टेंबर 2020 मध्ये ई-दाखिल ही ऑनलाइन तक्रारीची सोय सुरू झाली, आणि 1 जानेवारी 2025 पासून ती व इतर यंत्रणा एकत्र करून ई-जागृती आली. मोबाइल क्रमांकावर खाते उघडायचे, तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागद चढवायचे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा आता 50 लाखांपर्यंत आहे, म्हणजे ऑनलाइन खरेदीचे जवळपास सगळे वाद जिल्ह्यातच बसतात. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. आपल्याकडच्या जिल्हा आयोगांचे पुष्कळ निकाल मराठीत लिहिले जातात, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहायचे कारण नाही.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सर्वसाधारणपणे 21 दिवसांत ठरायला हवे. न ठरल्यास ती दाखल झाली असे धरले जाते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15. ही 45 दिवसांची रेघ ओलांडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले आहे. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग वाद मध्यस्थीकडे पाठवतो. सुनावणी व्हिडिओद्वारे मागता येते. निकाल लागूनही कंपनीने पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हे झाले कागदावरचे. कायदा म्हणतो, मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात क्वचितच लागतो. आयोगांवरच्या अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. ही स्थिती इतकी गंभीर झाली की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. संगणक कितीही वेगवान असो, निकाल देणारा माणूस खुर्चीवर नसेल तर तक्रार पडूनच राहते. डिजिटल न्यायाबद्दल उत्साहाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बोलावे असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण मावशीसारख्यांची. पीडीएफ करणे, ओटीपी दहा मिनिटांत टाकणे, अक्षरे वाचता येतील असा कागदाचा फोटो काढणे, हे साठीतल्या बाईला एकटीने जमत नाही. मी होतो म्हणून झाले. आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाचे दाखले काढून मिळतात, तशी ग्राहक तक्रारही तिथे ठरावीक अल्प शुल्कात भरून मिळायला हवी. म्हसवडसारख्या गावात महिलांनी महिलांसाठी बँक उभी करून चालवली आहे, 1997 पासून. कागदपत्रांना न भिणाऱ्या बायका माणदेशात आहेत. त्यांच्या हाती हे कामही सहज देता येईल.

फसवणूक आणि ग्राहक-वाद यांतला फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो, कारण तिथे मिनिटे महत्त्वाची असतात. वस्तू खराब आली, पैसे परत मिळत नाहीत, हा ग्राहक-वाद, त्यासाठी 1915. पण नेटवर 'कस्टमर केअर' म्हणून शोधलेल्या नंबरावर फोन केला, पलीकडच्याने एखादे अॅप टाकायला लावले आणि खात्यातून पैसे गेले, तर तो सायबर गुन्हा. त्यासाठी ताबडतोब 1930. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. आकडे लक्षात राहावेत म्हणून मी शाळेतल्या मुलांना इतिहासातून सांगतो. 1915 हे गांधीजी आफ्रिकेतून परत आले ते साल. आणि 1930 तर आपल्याच मातीतले, बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाचे.

काही वेळा वस्तू चांगली असते, पण ती घ्यायला लावण्याची रीत वाईट असते. 'फक्त 2 शिल्लक' अशी खोटी घाई, न मागितलेला विमा गुपचूप टोपलीत टाकणे, आधी 499 दाखवून पैसे भरताना 612 करणे, सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पाने असलेली वर्गणी. केंद्रीय प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 रीतींची यादी करून त्यांना मनाई केली. आठवडी बाजारात कुणी पिशवीत न मागितलेली कोथिंबीर टाकून तिचे पैसे लावले, तर आपण लगेच बोलतो. पडद्यावर तेच झाले तर गप्प बसतो, कारण तिथे समोर कुणी दिसत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याच गावांत आहे. सातारा-सांगली नुसते घेत नाहीत, विकतातही. सांगलीची हळद आणि बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मिरजेची सतार आणि तानपुरा, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. साताऱ्याचे कंदी पेढे परगावी पार्सलने जातात. तासगावातून बेदाण्याचे पाकीट लखनौला पाठवणारा तरुण हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने 'पलीकडचा विक्रेता' असतो. पाकीट ओले झाले म्हणून परत येते तेव्हा दोन्ही वेळचे भाडे त्याच्या अंगावर पडते, आणि ओले कुठे झाले हे त्याला कधीच कळत नाही. भरताना काढलेला फोटो, वजनकाट्यावरचा आकडा, पक्के बिल आणि तक्रारीला लगेच दिलेले लेखी उत्तर, हे त्याचेही संरक्षण आहे. गिऱ्हाईक आणि लहान विक्रेता या दोघांनाही तारीख असलेला कागदच वाचवतो.

मावशीकडे परवा गेलो तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर लागल्याच्या तारखांशेजारी, पेनाने 1915 आणि 1930 लिहिलेले दिसले. शेजारची सून साडीचे पार्सल घेऊन आली होती. रंग वेगळा निघाला होता. मावशीने आधी तिला पाट दिला, मग चष्मा लावला आणि विचारले, "खोकं फोडताना व्हिडिओ काढलास का? बिल कुठाय? मेसेज काही पुसले नाहीस ना?" पोरीने फोन पुढे केला. दोघी एकेक मेसेज वर सरकवत वाचत बसल्या.